लहान आश्रमशाळा कशी पारखाल?

धारणी तालुक्यात मूल आठवीत गेलं, की घरात प्रश्न उभा राहतो: जवळच्या लहान आश्रमशाळेत ठेवायचं, की परतवाड्याला, अमरावतीला धाडायचं? लहान शाळेत माणसं मोजकी. बळ त्यातच आणि उणीवही त्यातच. शिक्षक प्रत्येक पोराला घरादारासकट ओळखतो. पण एक शिक्षक बदलून गेला, की अख्खा विषय बंद पडतो. म्हणून एक दिवस काढा आणि पुढच्या गोष्टी स्वतः पाहा.

१. होळीनंतर जा. होळी हा इथल्या कोरकू आदिवासींचा मोठा सण, मुलं घरी जातात. आठवड्यानं पटावर किती आणि वर्गात किती, ते मोजा. न परतलेल्यांना आणायला गावात कोण जातं, तेही विचारा.

२. वह्या उघडा. नववीच्या विज्ञानाच्या वहीतली शेवटची तारीख पाहा. वेळापत्रकात रोज तास आणि वही दोन महिने कोरी असेल, तर त्या विषयाचं पद रिक्त आहे का, ते विचारा.

३. भाषा ऐका. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीहून अगदी वेगळी. एखाद्या मुलीला धडा आधी कोरकूत, मग मराठीत सांगायला लावा. कोरकूत खुलणारी मुलगी मराठीत अडखळली, तर तिला विषय कळलाय, मदत भाषेची हवी आहे. ती देणारं कोणी शाळेत आहे का?

४. वसतिगृह पाहा. मुलींच्या न्हाणीघराला आतून कडी लागते का? नळाला पाणी आहे का? अधीक्षिका रात्री मुक्कामी असतात का? सिकलसेल आजार असलेल्या मुलांची नोंद कुठे आहे आणि रात्री ताप चढला तर दवाखान्यात कोण नेतं?

५. निकाल नीट वाचा. वीसजणांच्या वर्गात दोघं नापास झाली, की निकाल १० टक्क्यांनी घसरतो. म्हणून पाच वर्षांचे आकडे मागा. आठवीत किती होती आणि दहावीला किती बसली, हेही विचारा. मधेच सुटलेली मुलं शंभर टक्के निकालात दिसत नाहीत.

६. कागदावर दोन रकाने करा: बळ आणि उणिवा. प्रत्येक उणिवेपुढे लिहा, ती उणीव शाळा दूर करू शकते की आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. तिथे कागद वाचून दाखवा. रिक्त पदाचा अर्ज धारणीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

मूल त्या शाळेत ठेवलं, तर पुढच्या होळीनंतर हाच कागद घेऊन पुन्हा जा.