सिगारेट सोडायला किती खर्च येतो?

स्वरयंत्रावर पांढरा चट्टा, बायोप्सीच्या रिपोर्टात ‘डिसप्लेशिया’. म्हणजे कर्करोग नाही, पण पेशी त्या दिशेने बिघडू लागल्यात. डॉक्टर सांगतात, ‘सिगारेट आजपासून बंद.’ बंद कशी करायची आणि त्याला पैसे किती लागतात, याचा हा हिशेब.

आधी चालू खर्च मांडा. २० रुपयांची सिगारेट, दिवसाला १०. महिन्याचे झाले ६,००० रुपये.

समुपदेशन : मोफत. राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११२-३५६ हा क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो. अनेक जिल्हा रुग्णालयांतल्या तंबाखूमुक्ती केंद्रातही सल्ल्याचे पैसे पडत नाहीत.

निकोटिन गम : सुमारे ५,९०० रुपये. रोज १० गोळ्या सहा आठवडे, मग ५ तीन आठवडे, शेवटी ३ तीन आठवडे, एकूण ५८८. गोळीला १० रुपये धरले आहेत, तुमच्या दुकानातला भाव घालून बघा. तीन महिन्यांचा कोर्स महिन्याभराच्या सिगारेटींपेक्षा स्वस्तच पडतो. २ मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ची चिठ्ठीवर. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर ४ च्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

गम साध्या च्युइंगमसारखा चघळलात, तर घसा जळतो, उचकी लागते आणि पैसे वाया जातात. थोडा चावा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवा, चुरचुर गेली की पुन्हा चावा. अर्धा तास पुरतो. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटे थांबा. बायोप्सीनंतर घसा दुखत असेल, तर निकोटिन पॅच चालेल का, तेही डॉक्टरांना विचारा.

गिळायच्या गोळ्या : चिठ्ठीवरच. व्हॅरेनिक्लिन किंवा बुप्रोपिऑन मनाने घेऊ नका. फिट येण्याचा त्रास असणाऱ्याला बुप्रोपिऑन चालत नाही. स्वस्त जेनेरिक आहे का, हे चिठ्ठी लिहितानाच विचारा.

इथे पैसे घालवू नका. ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून देशात बंदी आहे. ‘सात दिवसांत व्यसनमुक्ती’वाली चूर्णे टाळा. सिगारेटऐवजी मिश्री किंवा गुटखा धरला, तर तंबाखू सुटलीच नाही.

इथे वाचवू नका. चट्टा काढला तरी पुन्हा उमटू शकतो, म्हणून सांगितलेल्या तारखेला दुर्बिणीची तपासणी करायचीच. पुन्हा बायोप्सी ठरली, तर ऑपरेशन थिएटर, भूल आणि पॅथॉलॉजीचा खर्च धरून अंदाजपत्रक लेखी मागा. सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचे दरही विचारा. चौथ्या महिन्यापासून गमचा खर्च संपतो. तेव्हा वाचणाऱ्या ६,००० पैकी काही रक्कम दरमहा या तपासणीसाठी बाजूला काढा.

सिगारेट सुटली, तरी दुर्बीण सुटत नाही.