पर्यटनसेवांचे विपणन : केरळचा अनुभव

कारखान्यात तयार झालेला साबण आज खपला नाही, तर तो उद्या विकता येतो. हॉटेलातील खोली आज रात्री रिकामी राहिली, तर त्या रात्रीचे उत्पन्न कायमचे बुडते. सेवेच्या या वैशिष्ट्यास नाशवंतता म्हणतात. याखेरीज सेवा अमूर्त असते, ती देणाऱ्यापासून वेगळी काढता येत नाही आणि तिचा दर्जा व्यक्तीगणिक बदलतो. ही चार वैशिष्ट्ये परीक्षार्थींना पाठ असतात. प्रत्यक्ष व्यवहारात ती कशी एकत्र येतात, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

केरळने १९८६ मध्ये पर्यटनास उद्योगाचा दर्जा दिला. तेथील मोठी अडचण पावसाळ्याची. खोल्या रिकाम्या, पण कर्मचाऱ्यांचे वेतन चालूच. अशा वेळी दर उतरवणे हा नेहमीचा उपाय होय. केरळने त्याच्या जोडीला आयुर्वेद पुढे आणला. मल्याळी पंचांगातील कर्किटकम महिना, म्हणजे साधारणतः जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ, उपचारांस अनुकूल मानण्याची तेथे परंपरा आहे. गैरसोयीचा वाटणारा पाऊसच प्रवासाचे निमित्त म्हणून मांडला गेला. शिवाय उपचारासाठी आलेला पाहुणा एका रात्रीत परतत नाही.

मात्र जाहिरात केवळ आश्वासन देते. ते पाळणारे हात वेगळेच असतात. विपणनाच्या चार घटकांची मांडणी मॅकार्थी यांनी १९६० मध्ये केली होती. सेवांच्या संदर्भात बूम्स आणि बिटनर यांनी १९८१ मध्ये त्यांत माणसे, कार्यपद्धती आणि दृश्य पुरावा या तिघांची भर घातली, ती याच कारणामुळे. केंद्र सरकारची २००२ मधील ‘अतुल्य भारत’ मोहीम परदेशी पर्यटकाला उद्देशून होती. २००५ मधील ‘अतिथी देवो भव’ ही टॅक्सीचालक, मार्गदर्शक अशा देशातील माणसांना उद्देशून. उत्तरपत्रिकेत या दोन्ही मोहिमा एकाच दमात लिहिल्या जातात. दुसरी मोहीम हे अंतर्गत विपणनाचे उदाहरण आहे, हा भेद नोंदवणे अगत्याचे.

कुमरकोम येथे २००८ पासून जबाबदार पर्यटनाच्या प्रयोगात कुटुंबश्रीच्या महिला गटांनी पिकवलेला भाजीपाला हॉटेलांना पुरवण्यात येऊ लागला. पर्यटकाने मोजलेल्या पैशांपैकी काही वाटा त्यामुळे गावात राहिला. पण याच वेंबनाड सरोवरात, ज्यास २००२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, हाऊसबोटींची गर्दी वाढत गेली. भात वाहून नेणाऱ्या केट्टुवल्लम नौकांचे हे नवे रूप जाहिरातीत फार देखणे दिसते. बोटींचे सांडपाणी मात्र ज्या पाण्यात मिसळते, त्याच पाण्यावर तेथील मच्छीमारांचा चरितार्थ चालतो. हॉटेलाच्या ताळेबंदात रिकाम्या खोलीचा तोटा दिसतो. सरोवराच्या हानीसाठी त्यात रकानाच नसतो.