संसार जुना झाला, जवळीक का जुनी व्हावी?



या पानावर आपण शुगर, बीपी, क्षयरोग, मुलांचे लसीकरण अशा विषयांवर बोलत आलो. आजचा विषय घरात कुणी मोठ्याने काढत नाही. लग्नाला पंधरा-वीस-तीस वर्षे झाल्यावर नवरा-बायकोच्या शरीरसंबंधांचे काय होते, ते का तुटतात आणि पुन्हा कसे जुळतात, हा तो विषय. हा अंक घरातले सगळेच हाताळतात हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून शब्द साधे ठेवले आहेत, पण माहिती लपवलेली नाही.

एका घरातली गोष्ट

लोणी काळभोरच्या एका वस्तीतले हे जोडपे आमच्या ओळखीचे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो. तो टँकरवर ड्रायव्हर, वय चव्वेचाळीस. इंधनाच्या डेपोतून माल भरायचा आणि दोन-दोन दिवस रस्त्यावर काढायचे. ती एका वसतिगृहात स्वयंपाकाला. लग्नाला एकवीस वर्षे झालेली. घर म्हणजे एक खोली आणि ओटा. त्यात सासूबाई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि दहावीतला मुलगा.

दीड वर्ष दोघे एकमेकांच्या जवळ आले नव्हते. तिच्या मनात आले, ‘हे रस्त्यावरचे माणूस, बाहेर काही असेल.’ त्याच्या मनात आले, ‘आपल्यात आता काही राहिले नाही, हिला कळले तर काय म्हणेल?’ ती चिडचिड करू लागली. तो घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपू लागला. भिंतीवर रंगवलेली ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ ही जाहिरात वाचून त्याने हजारो रुपयांची पावडर खाल्ली. गुण आला नाही आणि कर्ज मात्र झाले.

पुढे पायाची जखम बरी होईना म्हणून रक्त तपासले, तर शुगर खूप वाढलेली. डॉक्टरांनी सहज विचारले, “संबंधात काही अडचण येते का?” त्याला रडू फुटले. त्या रात्री तो बायकोला म्हणाला, “अगं, मला शुगर आहे. त्यानं असं होतं म्हणे.” ती म्हणाली, “अहो, मग दीड वर्ष बोलला का नाही?”

आजच्या लेखाचे सार याच प्रश्नात आहे. आजार होता आणि त्याला औषधही होते. पण दीड वर्ष गेले ते न बोलण्यात.

या विषयावर बोलणे अश्लील नाही

‘असले काय छापता?’ असे कुणी म्हणेल. त्यांना आम्ही एक इतिहास आठवण करून देऊ. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत चालवले. लैंगिक आरोग्य आणि संततिनियमन यांवर ते मराठीत उघड लिहीत आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात मांडायला उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. पण सामान्य माणसाला आपल्या शरीराविषयी विचारण्याचा आणि उत्तर मिळण्याचा हक्क आहे, यासाठी बाबासाहेब उभे राहिले होते. आपण त्यांची लेकरे. आपण दवाखान्यात तोंड मिटून का बसावे?

वय वाढते तसे शरीरात काय बदलते?

आधी पुरुषांचे पाहू. ताठरता येते ती रक्ताच्या प्रवाहामुळे. शुगर, बीपी, तंबाखू, बिडी आणि दारू यांनी रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, म्हणून ताठरता कमी होते. कधी कधी ही हृदयविकाराचीही आधी मिळालेली सूचना असते. म्हणून असा त्रास दोन-तीन महिने टिकला तर लाजू नका. शुगर, बीपी आणि चरबी तपासून घ्या. काळजी, कर्ज, काम सुटणे आणि मनाची उदासी यांनीही इच्छा मरते. बीपीच्या किंवा मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनीही असे होते. तसे वाटले तर गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात.

‘वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे शंभर थेंब’ ही समजूत खोटी आहे. वीर्य शरीरात सतत तयार होते, ते गेल्याने अशक्तपणा येत नाही. याच भीतीवर भिंतीवरचे डॉक्टर जगतात.

आता बायकांचे. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे शरीराला विश्रांती हवी. अंगावर पाजताना योनीत कोरडेपणा असतो, त्यामुळे दुखते. पाळी जाण्याच्या वयात, म्हणजे पंचेचाळीस-पन्नाशीच्या सुमारास, हा कोरडेपणा पुन्हा येतो. तिला दुखते, म्हणून ती टाळते. नवऱ्याला वाटते, हिचे मन उडाले. प्रत्यक्षात मन नव्हे, शरीर नाही म्हणत असते. यावर उपाय आहेत. घाई न करणे हा पहिला. मेडिकलमध्ये मिळणारे पाण्याचे वंगण हा दुसरा. गरज पडल्यास डॉक्टर लावायचे मलम देतात. खोबरेल तेल वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, तेलाने निरोध कमकुवत होऊन फाटतो.

काही खुणा मात्र अंगावर काढू नका. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, वास येणारे किंवा खाज सुटणारे पांढरे जाणे, ओटीपोटात दुखत राहणे, अंग बाहेर येणे, यांपैकी काहीही असले तर लगेच तपासणी करा. तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईने गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य सेवेत ही तपासणी आहे.

एका खोलीतला संसार

पुस्तकात लिहिलेले असते, ‘खोलीचे दार लावा, मंद दिवा ठेवा.’ आपल्या घरात दार एकच आणि ते रस्त्यावर उघडते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे झोपतात. म्हणून अनेक जोडप्यांचे संबंध अंधारात, श्वास रोखून, घाईघाईने होतात. त्यात बाईच्या वाट्याला सुख कमी आणि कुणी जागे होईल ही धास्ती जास्त. वर्षानुवर्षे असे झाले की तिला तो विषयच नको होतो.

घर मोठे करणे आपल्या हातात नाही. पण वेळ काढणे थोडे हातात आहे. मुले शाळा-क्लासला, सासूबाई विहारात वंदनेला गेल्या असताना घर तासभर रिकामे असते. तो तास धुणी-भांड्यातच गेला पाहिजे असे नाही. रात्रपाळीची सुट्टी दिवसा असेल तर तिचा उपयोग करा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे, कधी दोन दिवस लेकीकडे जा, नातवंडांना सोबत न्या. मुलगा-सून हसतखेळत असतील तर घर टिकते.

जवळीक म्हणजे फक्त तेवढेच नव्हे, हेही समजून घ्यावे. संध्याकाळी दोघांनी कालव्याच्या बाजूने चालून येणे, पाय दुखत असतील तर तेल लावून देणे, दिवसभरात काय झाले ते ऐकणे, दमलेल्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवणे, ही सगळी जवळीकच. ज्या घरात दिवसभर शब्द नाही, तिथे रात्री शरीर कसे बोलेल?

आणखी एक. पहाटे पाचला पाणी भरायला उठणारी, दुसऱ्याच्या घरची किंवा मेसची कामे करून येऊन पुन्हा चूल पेटवणारी बाई रात्री दहाला कशी ताजी असेल? नवऱ्याने पाणी भरले, भांडी घासली, मुलांचा डबा भरला, तर तिला अर्धा तास झोप जास्त मिळते. आम्हाला अनेक बायकांनी सांगितले, “ताकदीची गोळी त्यांना नको, घरकामाला हात लावला तरी पुरे.”

होकार असेल तरच

लग्न झाले म्हणजे कायमचा होकार मिळाला, असे नाही. कामेसु मिच्छाचारापासून दूर राहण्याचे शील आपण रोज म्हणतो. त्याचा अर्थ परस्त्रीकडे न पाहणे एवढाच करून आपण मोकळे होतो. पण आपल्याच बायकोवर केलेली जबरदस्ती शीलात कशी बसेल? सिगालोवाद सुत्तात पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अपमान करू नये असे सांगितले आहे. तो मान चारचौघांत जसा, तसाच अंथरुणातही.

‘अहो, आज अंग दुखतंय, नुसते जवळ बसा’ असे बायकोला न घाबरता म्हणता आले पाहिजे, आणि नवऱ्याने ते रागावर न घेता ऐकले पाहिजे. ‘आज माझे मन नाही’ असे नवऱ्यालाही म्हणता आले पाहिजे. त्यावर ‘तू पुरुष आहेस की नाही’ असा टोमणा नको. दारू पिऊन जवळ येणे, मारहाण करून संबंध ठेवणे हा गुन्हेगारी वागण्याचा भाग आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात लैंगिक छळाचाही समावेश आहे. अशा बहिणींनी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.

पाळणा थांबवण्याचा भार कुणावर?

दिवस राहतील या भीतीनेही कित्येक बायका नवऱ्यापासून दूर झोपतात. ती भीती गेली की जवळीक परत येते. १९३८ साली मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला, त्यामागे बाबासाहेब होते. बाळंतपणाचा भार बाईच्या जिवावर येतो, म्हणून ते साधन तिच्या हाती असावे हा त्यामागचा विचार. ठराव मंजूर झाला नाही, पण आज ती साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात: निरोध, तांबी, गोळ्या, तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात ३७.९ टक्के विवाहित महिलांची नसबंदी झालेली दिसते. पुरुष नसबंदीचे प्रमाण फक्त ०.३ टक्के. बिनटाक्याची पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे. तिने ताकद जात नाही, ताठरता जात नाही, कष्टाचे कामही सुटत नाही. फक्त ऑपरेशननंतर तीन महिने निरोध वापरावा आणि वीर्य तपासून खात्री करावी.

कुठे जायचे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंपासून करा. पुढची गरज पडली तर पुण्यात ससून रुग्णालय आहे. लैंगिक आजारांसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असते. तिथे तपासणी आणि उपचार मोफत आहेत आणि नाव गुप्त राहते. उपचार दोघांनीही घ्यावेत, नाहीतर आजार फिरून येतो. मनाचा ताण असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर बोलता येते.

ताकदीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. हृदयासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी चालू असेल आणि त्यावर ही गोळी घेतली, तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

दोघांनी बसून बोलायचे पाच प्रश्न

१. आपण शेवटचे निवांत कधी बोललो?
२. तुला काय आवडते आणि काय नको वाटते, हे मी कधी विचारले का?
३. जवळ येताना तुला कुठे दुखते का, कशाची भीती वाटते का?
४. घरातले कोणते काम मी उचलले तर तुला विश्रांती मिळेल?
५. आपल्या दोघांची शुगर-बीपी शेवटची कधी तपासली?

ज्या जोडप्याची गोष्ट सुरुवातीला सांगितली, त्यांची खोली आजही एकच आहे. त्याची शुगर आता आटोक्यात आहे, तंबाखू सुटली आहे. सगळे पूर्वीसारखे झाले का, असे विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, “सगळं नाही. पण आता ते भिंतीकडे तोंड करून झोपत नाहीत.”

हा अंक वाचून झाला की बाजूला ठेवू नका. आज रात्री पाचांपैकी एक तरी प्रश्न एकमेकांना विचारा.