दम्याचा पंप : शेवटचा नव्हे, पहिला उपाय

"डॉक्टर, पंप नको. एकदा लागला की जन्माचा लागतो. त्यापेक्षा गोळी द्या." दम्याच्या रुग्णाला पंप लिहून दिला की हे वाक्य हमखास ऐकू येते. मुलगी लग्नाची असली तर आई-वडील आणखीच घाबरतात. या भीतीपायी अनेक रुग्ण योग्य औषध टाळतात आणि एखाद्या रात्री धापा टाकत दवाखाना गाठतात. म्हणून आज पंपाविषयी.

दम्यात काय होते?

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. अनेकांत ती ॲलर्जीमुळे येते. अशा सुजलेल्या नळीला धूळ, धूर, गार हवा किंवा सर्दीचे निमित्त झाले की तिच्याभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो, छातीत सूं-सूं वाजते आणि धाप लागते. धाप अधूनमधून लागते. आतली सूज मात्र बरे वाटत असतानाही राहू शकते. एवढे लक्षात ठेवले की पुढचे सारे समजते.

पंप दोन प्रकारचे

पहिला आराम देणारा. साल्ब्युटामॉल हे त्यातले नेहमीचे औषध. आवळलेले स्नायू ते काही मिनिटांत सैल करते. परिणाम चार ते सहा तास टिकतो. सूज मात्र त्याने उतरत नाही.

दुसरा प्रतिबंध करणारा. यात बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन अशी सूज उतरवणारी औषधे असतात. त्यांचा गुण यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितले असेल तर धाप नसतानाही ती घ्यायची असतात.

घात होतो तो इथेच. पहिल्या पंपाने लगेच बरे वाटते, म्हणून तो खिशात राहतो. दुसऱ्याने 'काही फरक वाटत नाही', म्हणून तो कपाटात जातो. आत सूज वाढत राहते. दम्यावर मार्गदर्शन करणाऱ्या 'जीना' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले, की मोठ्या व किशोरवयीन रुग्णांनी केवळ साल्ब्युटामॉलच्या पंपावर विसंबू नये; सूज उतरवणारे औषध सोबत हवेच. दोन्ही कामे करणारे एकत्रित पंपही मिळतात.

गोळी सौम्य, पंप कडक?

हिशेब उलटा आहे. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅमची असते. पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा असतो. दोन फवारे घेतले तरी औषध गोळीच्या विसाव्या भागाइतकेच, आणि तेही थेट छातीत. गोळीने हात थरथरणे, छाती धडधडणे जास्त होते.

'स्टेरॉइड' या शब्दाला घाबरून पंप टाळणारे रुग्ण दम्याच्या पुड्या मात्र निर्धास्त घेतात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइडच कुटून घातलेले असते. म्हणूनच त्यांनी दोन दिवसांत चमत्कार वाटतो. महिनोन्महिने घेतल्यास चेहरा सुजतो, रक्तातली साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. पुड्या बराच काळ घेतल्या असतील तर एकदम बंद करणेही धोक्याचे; डॉक्टरांना दाखवूनच सोडाव्यात.

पंप कसा घ्यावा?

फवाऱ्याचा पंप हलवून घ्यावा. श्वास पूर्ण सोडावा, पंप ओठांत घट्ट धरावा, दाबतानाच सावकाश खोल श्वास घ्यावा आणि दहा सेकंद रोखावा. लहान मुलांना व वृद्धांना पंपापुढे 'स्पेसर' ही नळी जोडून द्यावी. कॅप्सूलच्या यंत्रात श्वास जोरात ओढावा लागतो. ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी पाहिले आहेत. ती गिळण्यासाठी नसते. सूज उतरवणारा पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकावे, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही.

नाकाकडेही बघा

नाक आणि श्वासनलिका हा एकच मार्ग आहे. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागते, नाक चोंदते, अशांनी त्याचेही उपचार घ्यावेत. नाक सुधारले की दमा आवरणे पुष्कळदा सोपे जाते. घरात विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर टाळावा. भिंतीची ओल काढावी, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे.

केव्हा धावायचे?

बोलताना वाक्य पुरे होत नाही, आराम देणाऱ्या पंपाने उतार पडत नाही, ओठ निळसर दिसतात, किंवा मूल धापेने दमून सुस्तावते, अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. पंप देत देत रुग्णालय गाठा.

आणि सवयीचे म्हणाल, तर चष्मा लावल्याने नंबर लागत नाही. नंबर असतो म्हणून चष्मा लागतो. पंपाचेही तसेच. दमा साधारण तीन महिने आटोक्यात राहिला की डॉक्टर मात्रा कमी करू शकतात. ती त्यांना करू द्यावी. बरे वाटते म्हणून आपणच पंप बंद करू नये.