हाडांची साक्ष

सोलापूरच्या परिसरात भीमा आणि सीना या नद्यांच्या काठी काळीभोर जमीन पसरली आहे. तेथील माळावर एखादे जनावर मरून पडले, तर कुत्री, कोल्हे व कावळे त्याचे मांस खाऊन टाकतात. उरलेली हाडे उन्हाने पांढरी पडतात, तडकतात आणि काही वर्षांत त्यांचा भुगा होऊन तो मातीस मिळतो.

परंतु प्रत्येक हाडाच्या वाट्यास हा शेवट येत नाही. सोलापूरच्या ईशान्येस, लातूर जिल्ह्यातून मांजरा नदी वाहते. तिच्या काठच्या जुन्या गाळात हत्ती, रानबैल आणि पाणघोडा यांची हाडे सापडली आहेत. आज भारतात पाणघोडा पाहावयाचा तर प्राणिसंग्रहालयातच जावे लागते. हजारो वर्षांपूर्वी मात्र तो मांजरेच्या डोहांत डुंबत होता. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथेही गोदावरीच्या गाळात एका प्रचंड हत्तीचे अवशेष मिळाले. त्यांची हकीकत गाय पिलग्रिम या भूशास्त्रज्ञाने १९०५ साली प्रसिद्ध केली.

ही हाडे टिकली कशी? नदीस पूर आला आणि गाळाने त्यांना झाकून टाकले. त्यामुळे ऊन, वारा व हिंस्र प्राण्यांचे दात यांपासून त्यांचा बचाव झाला.

तथापि गाळाखाली गेलेले हाडही बदलतच असते. हाडात मुख्यतः दोन द्रव्ये असतात. कॅल्शियम व फॉस्फेट यांचे खनिज त्यास कठीणपणा देते, तर तंतुमय प्रथिन चिवटपणा देते. जमिनीतील सूक्ष्म जंतू हे प्रथिन हळूहळू फस्त करतात व हाड सच्छिद्र होते. आपल्याकडील काळा खडक झिजला म्हणजे त्यातील चुना पाण्यात उतरतो. तेच पाणी हाडाच्या छिद्रांत झिरपते आणि चुना तेथे साचून घट्ट होतो. शेतात चुनखडीचे खडे आढळतात, तेही अशाच चुन्याचे. लोह व मँगनीज यांमुळे हाडावर तपकिरी किंवा काळा रंग चढतो. अखेर ते दगडासारखे जड होते. यास जीवाश्म म्हणतात. कोकणातील आम्लधर्मी तांबड्या मातीत मात्र हाड बहुधा विरघळूनच जाते.

यांतील प्रत्येक बदल म्हणजे एक साक्ष होय. कडा गुळगुळीत असल्या, तर नदीने ते हाड वाहून आणले असावे. उन्हाच्या भेगा असल्या, तर ते पुष्कळ दिवस उघड्यावर पडले असावे. दातांच्या खुणा असल्या, तर एखाद्या तरसाने ते चघळले असावे.

भूजलातील फ्लोरिनही हाडात अतिशय मंद गतीने शिरते. या मंद गतीमुळेच एक मोठी लबाडी उघडकीस आली. इंग्लंडमधील पिल्टडाउन येथे मानवाच्या अतिप्राचीन पूर्वजाची कवटी व जबडा सापडल्याचे १९१२ साली जाहीर झाले. चाळीस वर्षे अनेक विद्वान फसले. पुढे तपासणीत त्या हाडांत फ्लोरिन फारच थोडे आढळले. १९५३ साली सत्य बाहेर आले. कवटी माणसाची, जबडा एका कपीचा, आणि दोहोंनाही मुद्दाम रंग दिलेला! मनुष्य खोटे बोलला. हाडे बोलली नाहीत.

परंतु ही साक्ष हाड आपल्या जागी असेपर्यंतच पूर्ण असते. ते कोणत्या थरात होते, त्याच्या शेजारी काय होते, हे ते उपटताच नाहीसे होते. म्हणून नदीच्या दरडीत असे हाड दिसल्यास ते उकरू नये, धुऊ नये. जागेची खूण ठेवून शिक्षकांस सांगावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये अशा जीवाश्मांचा अभ्यास झाला आहे. कुतूहलाने उचललेले हाड घरच्या कोनाड्यात मुके होते. जागेवर राखलेले हाड हजारो वर्षांची हकीकत सांगते.

शब्दार्थ : दरड – नदीचा उभा तुटलेला काठ, कपी – शेपूट नसलेले मोठे माकड, सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेले.

स्वाध्याय
१. हाड दगडासारखे जड कसे होते?
२. पिल्टडाउनची लबाडी कशी उघडकीस आली?
३. सापडलेले हाड जागेवरून का हलवू नये, ते आपल्या शब्दांत लिहा.