मोटारीस टर्बो बसविण्यापूर्वी : हवा, इंधन आणि ठिणगी यांचा हिशेब

आपल्या स्मरणिकेत धान्याचे भाव, बाजार समितीचे नियम, कर आणि जमाखर्च या विषयांवरील लेख वाचण्याची सभासद बंधूंस सवय आहे. त्यामुळे मोटारीच्या इंजिनाविषयी, आणि तेही एका घाऊक धान्य व्यापाऱ्याने, लिहावे याचे काहींस नवल वाटेल. परंतु चालू असलेल्या मोटारीस बाहेरून टर्बो बसवून घेण्याची हौस आपल्या काही घरांतील तरुणांत शिरलेली आम्ही पाहतो. पैसा घरातून जातो, वडीलधाऱ्यांस विचारले जाते, आणि ते "आम्हांस त्यातले कळत नाही" असे म्हणून होकार देतात. आम्हीही एकदा असाच होकार दिला व त्याचे फळ भोगले. त्यानंतर जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडीत आहो.

१. टर्बो म्हणजे काय

इंजिनाची ताकद पेट्रोलावर अवलंबून असते, असा सामान्य समज आहे. वस्तुतः ती हवेवर अवलंबून असते. १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल वाटेल तितके ओतता येते. हवा मात्र पिस्टन खाली जाताना ओढेल तितकीच आत येते. ही अडचण दूर करण्याचा मार्ग आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने शोधला व १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवावयाचे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावयाची, हीच ती युक्ती होय. आजच्या मोटारीतील हे चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेते.

प्रवासी मोटारीत टर्बो प्रथम अमेरिकेत १९६२ साली आला. त्यांपैकी ओल्ड्समोबिल जेटफायर या मोटारीची कथा बोधप्रद आहे. तिच्या इंजिनात मिश्रण मुळातच फार दाबले जाई. त्यात टर्बोची भर पडल्यावर ते अवेळी पेटू नये म्हणून पाणी व मिथेनॉल यांचा द्राव वेगळ्या टाकीतून आत सोडण्याची सोय होती. परंतु अनेक मालक ती टाकी भरीतच ना. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप रोखला जाई, आणि मालक ताकद गेली म्हणून तक्रार करी. अखेर कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून द्यावे लागले. जादा हवा घ्यावयाची तर तिच्यासोबत येणारी जबाबदारी रोज सांभाळावी लागते, हे त्या मालकांच्या ध्यानी आले नाही.

२. दीडपट दाब म्हणजे दीडपट हवा नव्हे

आपल्या वाडवडिलांच्या काळी धान्य पायलीने मापीत, पुढे वजनाने तोलू लागले. दोहोंतील फरक आपणांस सांगावयास नको. इंजिनालाही हवा मापाने नव्हे तर वजनाने हवी असते. समजा, बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आहे आणि टर्बोने ती दीडपट दाबली. दाबलेली हवा तापते. टर्बोची कार्यक्षमता शेकडा ७० धरल्यास ती हवा सुमारे ८३ अंशांपर्यंत जाते, आणि तापल्यामुळे विरळ होते. परिणामी दाब दीडपट झाला तरी हवेचे वजन सुमारे १.२८ पटच भरते. मध्ये इंटरकूलर बसवून तीच हवा ४५ अंशांपर्यंत निवविली, तर वजन सुमारे १.४३ पट होते. तापलेली हवा मिश्रणास अवेळी पेटण्याकडेही ढकलते. यास्तव इंटरकूलर ही शोभेची वस्तू नसून हिशेबाचा भाग आहे.

३. इंधनाचा हिशेब

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी मोटार १९८९ साली विक्रीस आली. तिचे इंजिन १.६ लिटरचे, चार सिलिंडरचे. अमेरिकेत विकलेल्या गाडीची ताकद ११६ अश्वशक्ती होती. तेथील हौशी मंडळींनी या मोटारीस बाहेरून टर्बो बसविण्याचा मोठा परिपाठ पाडला, म्हणून तिच्यावरून पुष्कळ शिकता येते.

टर्बोविना एका अश्वशक्तीस ताशी सुमारे २२५ ग्रॅम पेट्रोल लागते असे धरू. ११६ अश्वशक्तीस ते २६ किलो होते. ताकद १७० अश्वशक्तीवर न्यावयाची असल्यास मिश्रण अधिक दाट ठेवावे लागते, म्हणून दर २७० ग्रॅम धरावा. एकूण सुमारे ४६ किलो झाले. म्हणजे ताकद दीडपटीहून कमी वाढली, परंतु इंधन पावणेदोनपट लागले! प्रत्येक इंजेक्टरमधून मिनिटास सुमारे २६० मिलिलिटर पेट्रोल गेले पाहिजे. इंजेक्टर शेकडा ८० भारापलीकडे राबवू नये असा संकेत आहे, तेव्हा तो सुमारे ३२५ मिलिलिटरचा हवा.

प्रारंभीच्या काळात मोठे इंजेक्टर न बसविता, टर्बोचा दाब चढला की पेट्रोलाचाही दाब चढविणारा नियामक जोडीत असत. ही तात्पुरती सोय होती. कारण इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट पेट्रोल हवे असल्यास चौपट दाब द्यावा लागतो, आणि तेथे पंप थकतो. शिवाय या मोटारीतील मूळ हवामापक म्हणजे येणाऱ्या हवेने ढकलली जाणारी एक झडप होती. ती पूर्ण उघडली की त्यापुढे कितीही हवा गेली तरी तिची मोजदाद होत नसे. पुढे स्वतंत्र नियंत्रण यंत्रे आली. ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो या अमेरिकी गृहस्थांनी २००१ च्या सुमारास हौशी माणसाने स्वतः जोडावयाचे 'मेगास्क्वर्ट' नावाचे यंत्र पुढे आणले, तेव्हापासून ही विद्या सामान्य खिशाच्या आवाक्यात आली.

या यंत्रास ईसीयू म्हणतात. तो इंजिनाचा मुनीम समजावा. त्याच्याजवळ एक तक्ता असतो. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत हवेचा दाब, आणि प्रत्येक चौकटीत त्या स्थितीस लागणाऱ्या इंधनाचा आकडा. हे आकडे तपासून भरण्याच्या कामास ट्यूनिंग म्हणतात.

४. ठिणगीची वेळ

इंधन बरोबर असले तरी ठिणगीची वेळ चुकल्यास सारे व्यर्थ होते. मिश्रण जळण्यास थोडा अवधी लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच काही अंश अगोदर ठिणगी पाडतात. दाबलेले मिश्रण अधिक वेगाने जळते. यास्तव टर्बोच्या दाबात ठिणगी उशिरा पाडावी लागते. प्रारंभास प्रत्येक पौंड दाबामागे सुमारे एक अंश, असा ठोकताळा आहे. तसे न केल्यास ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातील उरलेले मिश्रण एकदम पेटते. यास मेस्त्री लोक नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावे तसा आवाज येतो. हलक्या भारावर तो निभावून जातो. टर्बोच्या दाबाखाली मात्र पिस्टन फोडावयास काही क्षणही पुरतात. स्वीडनच्या साब कंपनीने १९८२ पासून हा आवाज ओळखणारा सेन्सर बसवून, नॉकिंगची चाहूल लागताच टर्बोचा दाब उतरविण्याची व्यवस्था केली, ती याचकरिता.

५. काट्याची पोच

आता आमच्या घरची गोष्ट. २०२२ साली आमच्या पुतण्याने आपल्या साध्या पेट्रोल मोटारीस एका कारखान्यातून टर्बो बसवून घेतला. "काका, ताकद चाळीस टक्क्यांनी वाढली," असे तो मोठ्या उत्साहाने सांगे. पुढे गोव्याहून बेळगावास परतताना, चोर्ला घाटाच्या चढावर गाडी एकाएकी लंगडी झाली आणि मागे निळा धूर निघू लागला. इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या पिस्टनची कड वितळलेली आढळली. सुदैवाने गाडीतील तिघांसही इजा झाली नाही. मात्र रात्र घाटात काढावी लागली.

कारण शोधता जे हाती आले ते आम्हांस फार लागले. बिनटर्बोच्या गाडीतील हवेचा दाब मोजणारा सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजू शकतो. त्याहून पुढचा दाब कधी येईल अशी निर्मात्याची कल्पनाच नसते. दाब त्यापुढे गेला की मूळ ईसीयू दोष दाखवितो व दिवा लावतो. तो दिवा लागू नये म्हणून कारखानदाराने एक तार जोडून, दाब कितीही चढला तरी ईसीयूस तो ठरावीक आकड्यापुढे दिसू नये अशी युक्ती केली होती. तक्ता जुना, इंजेक्टर जुने, ठिणगीची वेळ जुनी. मुनिमास दीड क्विंटल मालाची पावती एक क्विंटलची दाखविली, आणि त्याने एक क्विंटलाचेच इंधन दिले. सपाट रस्त्यावर ते खपले. घाटात भार वाढताच उघडे पडले.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिक मानोन्मान', म्हणजे खोटी मापे व वजने, हा एक सांगितला आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ग्राहकास फसविले तर तो कदाचित फसेल, परंतु येथे फसविले गेले ते यंत्र, आणि यंत्रास क्षमा ठाऊक नसते. आमचा दोष असा की, चाळीस वर्षे काटा तपासल्याविना एक पोते न घेणाऱ्या आम्ही त्या कारखान्यात "काटा कोणता?" एवढेही विचारले नाही.

६. योग्य क्रम

ज्यांस हे काम करावयाचेच आहे त्यांनी पुढील क्रम ध्यानी ठेवावा.

(अ) प्रथम जुन्या इंजिनाचे सर्व सिलिंडर दाबाच्या चाचणीने तपासावेत. थकलेल्या इंजिनावर टर्बो म्हणजे मोडक्या गाड्यावर दुप्पट पोती.

(आ) वाढीव दाब मोजू शकेल असा सेन्सर, त्याचा तक्ता बदलता येईल असा ईसीयू, आणि धुरातील हवा-इंधनाचे प्रमाण विस्तृत टप्प्यात दाखविणारा ऑक्सिजन सेन्सर, या तीन वस्तू टर्बोच्या आधी घ्याव्यात. गाडीतील जुना ऑक्सिजन सेन्सर मिश्रण दाट की विरळ एवढेच सांगतो. किती, ते सांगत नाही.

(इ) इंजेक्टर व पंप हिशेबाने निवडावेत, आणि थंड प्रकृतीचे स्पार्क प्लग लावावेत.

(ई) प्रारंभ अल्प दाबाने, दाट मिश्रणाने व उशिरा ठिणगीने करावा. दाबाखाली मिश्रण १४.७ ऐवजी पावणेबाराच्या आसपास ठेवतात. २०२३ पासून विक्रीस आलेल्या २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलास मुळात सुमारे साडेतेरा भागच हवा लागते, तेव्हा पूर्वीचे आकडे त्यास लागू करू नयेत. उसाबरोबर आपल्या पेठेतील मकाही आता त्या टाकीत जातो, हे व्यापारी बंधू जाणतातच!

(उ) डायनोवर, म्हणजे गाडी जागीच धावविणाऱ्या रुळांवर, तक्त्याची एकेक चौकट तपासावी. त्यानंतरच ठिणगी एकेक अंश पुढे घ्यावी. नॉकिंगची चाहूल लागताच मागे यावे.

(ऊ) दाब मर्यादेबाहेर गेल्यास इंधन तोडणारी व्यवस्था ईसीयूत नोंदवून ठेवावी.

७. कायद्याची बाब

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील असे फेरफार मालकास करता येत नाहीत. विमा कंपनीस न कळविता केलेल्या बदलामुळे भरपाईचा दावा अडू शकतो. 'विरुद्धराज्यातिक्रम' हाही अचौर्य व्रताचाच अतिचार आहे. म्हणून असा प्रयोग सार्वजनिक रस्त्यावर न करता शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरच करणे इष्ट.

समारोप

आम्ही हौसेच्या विरुद्ध नाही. ब्यूखीने फुकट जाणाऱ्या धुरातून काम काढले. वाया जाणारे वाचविणे हे तर व्यापाऱ्यास प्रियच. परंतु आवक वाढविण्याआधी काटा मोठा करावा लागतो. पुतण्याच्या गाडीत आज मूळ पद्धतीचे नवे इंजिन आहे. गेल्या दिवाळीत त्याने पुन्हा विषय काढला. आम्ही नाही म्हटले नाही. दाब कशाने मोजणार, इंधन किती लागणार, आणि नॉकिंग कळणार कसे, हे तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. त्याने दोहोंची उत्तरे हिशेबासह आणून दिली आहेत. तिसऱ्याचे उत्तर तो शोधीत आहे. तोवर गाडी आहे तशीच चालेल.

जय जिनेंद्र.