यूएसबी टेस्टर: चार्जर, केबल आणि पॉवर बँक यांची पारख

जबलपूरच्या जुन्या वस्तीतील बडा फुहारा हा चौक म्हणजे त्या शहराच्या किरकोळ व्यापाराचे एक गजबजलेले केंद्र होय. १९३९ साली जबलपूरजवळच्या त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. त्याच्या स्मरणार्थ उभारलेली कमानिया गेट ही कमान येथून जवळच आहे आणि तिच्या आसपास सराफा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे या शहरात नांदत आली. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर असल्याने ही ये-जा चालूच राहिली. अशा घरातील गृहिणी सराफ्यात गेली, तर अंगठीचा कस लावून घेतल्यावाचून ती पैसे मोजत नाही. पण तीच गृहिणी बाजारात मोबाइलचा चार्जर घेते, तेव्हा तिच्यापाशी कसोटीचा दगड नसतो. वेष्टनावर जे छापले असेल त्यावर आणि दुकानदाराच्या शब्दावर तिला विसंबून राहावे लागते. चार्जरची किंमत सोन्याच्या मानाने नगण्य असते हे खरे. परंतु त्याच्या एका टोकाला भिंतीतील २३० व्होल्टची वीज असते आणि दुसऱ्या टोकाला माणसाचा हात असतो, ही गोष्ट किमतीवरून कळत नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढणारे एक लहानसे उपकरण आज अल्प किमतीत मिळते. त्याला यूएसबी टेस्टर म्हणतात. बोटाएवढ्या आकाराच्या या उपकरणाचे एक तोंड चार्जरमध्ये बसते आणि दुसऱ्या तोंडात केबल बसवता येते. चार्जरकडून फोनकडे जाणारी वीज त्यामुळे या उपकरणातून जाते, आणि जाता जाता मोजली जाते. त्याच्या आत अत्यंत अल्प रोध असलेली एक पट्टी असते. प्रवाह तिच्यातून गेला की तिच्या दोन टोकांमध्ये किंचित विद्युत्‌दाब निर्माण होतो आणि त्यावरून प्रवाहाचे मान काढले जाते. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि त्या दोहोंचा गुणाकार, म्हणजे शक्ती, वॅटमध्ये पडद्यावर दिसते. बऱ्याच टेस्टरांमध्ये याखेरीज एकूण किती मिलिअँपिअर-तास आणि किती वॅट-तास वीज गेली, याचीही बेरीज होत राहते. ही बेरीज पॉवर बँकेच्या परीक्षेत फार उपयोगी पडते.

प्रथम चार्जरचा विचार करू. १९९६ साली यूएसबी ही पद्धत प्रथम प्रसिद्ध झाली, ती संगणकाला छापयंत्रे, कळफलक यांसारखी साधने जोडण्यासाठी. फोन भारित करणे हा तिचा मूळ हेतू नव्हता. तेव्हापासून तिचा मूलभूत दाब ५ व्होल्ट राहिला आहे. चार्जर नुसताच भिंतीत खोचून टेस्टर लावला, तर जवळजवळ प्रत्येक चार्जर ५ व्होल्टच्या आसपास आकडा दाखवतो. दुकानदार हा आकडा मोठ्या आत्मविश्वासाने दाखवतो आणि ग्राहकाचे समाधान होते. वस्तुतः या आकड्याला फारसा अर्थ नाही. रिकाम्या बैलगाडीला ओढणारा बैल अशक्त आहे की सशक्त, हे गाडीत पोती चढवल्यावरच समजते. चार्जरवर '५ व्होल्ट, २ अँपिअर' असे छापलेले असेल, तर त्याच्याकडून खरोखरच २ अँपिअर प्रवाह घेतला पाहिजे आणि त्या वेळी दाब किती उरतो ते पाहिले पाहिजे. चांगल्या चार्जरचा दाब अशा वेळी पावपट व्होल्टपेक्षा अधिक घसरत नाही. निकृष्ट चार्जर १ अँपिअरलाच ४.६ किंवा ४.५ व्होल्टवर येतो, आणि त्याहून अधिक मागणी केल्यास बंद पडतो किंवा तापू लागतो.

असा भार घालण्यासाठी स्वतंत्र साधने मिळतात. परंतु साध्या ग्राहकाला फोनच पुरेसा आहे. मात्र येथे एक चूक हमखास घडते. लिथियम-आयन घट रिकामा असताना भरपूर प्रवाह घेतो. त्याचा दाब ४.२ व्होल्टच्या सुमारास पोहोचला की तो प्रवाह हळूहळू कमी करत जातो. साहजिकच जवळजवळ भरलेला फोन लावून पाहणाऱ्याला उत्तम चार्जरही ०.३ अँपिअर देताना दिसेल आणि तो त्याला विनाकारण खोटा ठरवील. परीक्षेसाठी न्यायचा फोन निम्म्याहून कमी भरलेला असावा. दुसरीही एक बाब आहे. काही फोन कंपन्यांनी जलद भरणासाठी स्वतःच्याच खास रीती काढल्या आहेत आणि त्यांचे चार्जर व फोन केबलमधील तारांवरून एकमेकांशी संकेतांची देवाणघेवाण करतात. साधा टेस्टर मध्ये आला की हे संकेत कधीकधी पलीकडे पोहोचत नाहीत आणि फोन सावकाश भरू लागतो. तो दोष चार्जरचा नव्हे.

केबलचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ तिच्यातच असते. केबल ही ग्राहकाच्या दृष्टीने केवळ दोरी असते. जाड व विणलेले वेष्टन असलेली ती चांगली, असा समज आहे. पण वीज वेष्टनातून वाहत नाही. आत एक जाण्याची व एक येण्याची अशा दोन शक्तिवाहक तारा असतात, आणि त्यांची जाडीच निर्णायक असते. तांब्याच्या सुमारे ०.३ मिलिमीटर व्यासाच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२ ओहम असतो. एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन तो ०.४ ओहमच्या वर जातो. तिच्यातून २ अँपिअर प्रवाह नेला तर ०.८ व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडेल. चार्जरने ५ व्होल्ट दिले तरी फोनपाशी जेमतेम ४.२ व्होल्ट पोहोचतील. हे ओळखून फोन आपली मागणी आपणच कमी करतो, आणि दोन तासांचे काम चार तासांवर जाते. तार अर्ध्या मिलिमीटर व्यासाची असती, तर ही घट सुमारे ०.३ व्होल्टवर आली असती. तांब्याऐवजी वरून तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनिअम वापरले असेल, तर त्याच जाडीच्या तारेचा रोध दीडपटीहून अधिक भरतो. केबल कापल्याखेरीज डोळ्यांना हा फरक दिसणार नाही.

टेस्टरला मात्र तो दिसतो. एकच चार्जर, एकच फोन आणि पाच-सहा केबली घ्याव्यात. टेस्टर चार्जरच्या तोंडाशी ठेवून केबल तेवढी बदलत जावी आणि प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबून प्रवाह पाहावा. एकीवर १.८ अँपिअर आणि दुसरीवर ०.७ अँपिअर दिसले, तर निवाडा झाला. ज्याच्यापाशी केबलच्या दोन्ही टोकांना मोजण्याची सोय व एक स्थिर भार आहे, त्याला नेमका रोधही काढता येईल. समजा, चार्जरच्या टोकाला ५.१० व्होल्ट, दूरच्या टोकाला ४.६८ व्होल्ट आणि प्रवाह १.५ अँपिअर आहे. वाटेत ०.४२ व्होल्ट गेले, त्याला १.५ ने भागले असता ०.२८ ओहम येतात. एक मीटर लांबीच्या केबलला हा आकडा मध्यम समजावा. तो अर्ध्या ओहमच्या पुढे जात असेल तर ती केबल जलद भरणाच्या कामाची नाही.

टाइप-सी केबलींनी यात एका नव्या धोक्याची भर घातली. जुन्या चपट्या तोंडाची यूएसबी एका बाजूला आणि टाइप-सी दुसऱ्या बाजूला, अशा केबलमध्ये ५६ किलोओहमचा एक सूक्ष्म रोधक बसवावा असा नियम आहे. पलीकडे जुन्या पद्धतीचा, मर्यादित शक्तीचा स्रोत आहे, हे फोनला त्या रोधकावरून कळते. काही उत्पादकांनी त्या जागी १० किलोओहमचा रोधक बसवला. त्यामुळे ३ अँपिअर उपलब्ध आहेत अशी फोनची समजूत होई, आणि तो लॅपटॉपच्या बिचाऱ्या तोंडाकडून झेपणार नाही इतका प्रवाह मागे. २०१५ च्या अखेरीस गूगल कंपनीतील अभियंता बेन्सन ल्युंग यांनी बाजारात मिळणाऱ्या अशा केबली स्वखुशीने विकत घेऊन तपासावयास आणि त्यांचे दोष जाहीर करावयास प्रारंभ केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांच्या हाती आलेल्या एका केबलमध्ये तर शक्तिवाहक तार आणि परतीची तार यांची अदलाबदल झालेली होती. ती जोडताच त्यांचा लॅपटॉप बिघडला आणि मापनासाठी मध्ये लावलेली साधनेही निकामी झाली. मापन करणारे साधनच बळी पडावे, हा अनुभव बोलका आहे. अनोळखी केबल प्रथम किमती फोनला न लावता, जुन्या व टाकाऊ उपकरणाला लावून पाहण्याची सावधगिरी त्यामुळेच शहाणपणाची ठरते.

पॉवर बँकेच्या बाबतीत ग्राहक व दुकानदार यांच्यात जो वाद होतो, त्यात पुष्कळदा दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. वेष्टनावर १०,००० मिलिअँपिअर-तास असे छापलेले असते. ग्राहक घरी जाऊन टेस्टर लावतो, पॉवर बँक पूर्ण रिकामी होईपर्यंत मोजतो आणि त्याला ६,२०० हा आकडा दिसतो. आपण ३,८०० ला नागवलो गेलो, असे त्याला वाटते. येथे थोडे गणित करावयास हवे. छापलेला आकडा आतील घटाचा आहे, आणि त्या घटाचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट आहे. १०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे १० अँपिअर-तास, त्याला ३.७ ने गुणले की ३७ वॅट-तास ऊर्जा झाली. बाहेर येताना दाब ५ व्होल्टपर्यंत चढवावा लागतो. तेवढीच ऊर्जा ५ व्होल्टला मोजली तर ती ७,४०० मिलिअँपिअर-तास भरते. दाब चढवणाऱ्या मंडलात दहा ते पंधरा टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. उरतात ६,३०० ते ६,६००. तेव्हा ६,२०० दाखवणारी पॉवर बँक जवळजवळ निर्दोष आहे. बहुतेक चांगले उत्पादक हा दुसरा आकडाही बारीक अक्षरांत पाठीमागे छापतात. तो पाहण्याची सवय मात्र लोकांना नाही. तुलना नेहमी वॅट-तासांत करावी म्हणजे असा घोटाळा होत नाही. विमानप्रवासात पॉवर बँक जवळच्या सामानातच ठेवण्याचा आणि १०० वॅट-तासांच्या मर्यादेचा जो नियम आहे, तोही याच एककात सांगितलेला असतो. ती मर्यादा सुमारे २७,००० मिलिअँपिअर-तासांएवढी होते.

खरी फसवणूक निराळ्या आकड्यांवरून ओळखू येते. १०,००० छापलेल्या पॉवर बँकेने २,५०० वर दम सोडला, तर आत निकृष्ट किंवा वापरून टाकून दिलेले घट आहेत असे समजण्यास हरकत नाही. ही परीक्षा दुकानाच्या फळीवर होणारी नाही. १ अँपिअरने रिकामी करावयासही सहा तास लागतात. म्हणून ती वस्तू परत करण्याची मुदत आहे तोवर घरी उरकावी. दुकानात मात्र वजनाचा उपयोग करता येतो. लिथियम घटांच्या एका किलोग्रॅममध्ये साधारणतः २०० ते २५० वॅट-तास मावतात. २०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ७४ वॅट-तास, आणि त्यासाठी निदान ३०० ग्रॅम घट हवेत. तळहातावर दीडशे ग्रॅम भरणारी पॉवर बँक तेवढी क्षमता सांगत असेल, तर टेस्टर खिशातून काढण्याचेही कारण नाही.

या उपकरणाची मर्यादा कोणती, हे सांगितल्यावाचून त्याचे वर्णन पुरे होत नाही, कारण हाती आकडे आले की माणूस निर्धास्त होतो. टेस्टर दोन तारांमधील दाबाचा फरक मोजतो. जमिनीच्या मानाने त्या तारा किती दाबावर आहेत हे त्याला कळत नाही. नर्मदेच्या घाटावर दोन पायऱ्यांमधील उंची मोजणाऱ्याला त्या पायऱ्या पाण्यापासून किती वर आहेत, हे जसे कळत नाही, तसेच हे आहे. चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू एकमेकींपासून काही मिलिमीटर अंतराने आणि रोहित्राच्या निरोधक थरांनी अलग ठेवलेली असते. खर्च वाचवण्यासाठी हे अंतर कमी केले, अथवा दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या विशिष्ट सुरक्षा-धारित्राऐवजी साधे धारित्र बसवले, आणि ते धारित्र एखाद्या दिवशी आतून जळून जुळले, तर घरातील पूर्ण दाब फोनच्या धातूच्या कडेपर्यंत येऊ शकतो. त्या क्षणीही टेस्टरच्या पडद्यावर ५.१ व्होल्टच दिसतील. आकडा बरोबर असेल आणि वस्तू प्राणघातक असेल.

ही पारख ग्राहकाच्या हातची नाही. ती प्रयोगशाळेतच होऊ शकते. भारतात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ साली निघाला आणि पुढे चार्जर व पॉवर बँक यांचाही त्यात समावेश झाला. अशा वस्तूवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी-चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी-क्रमांक असावा लागतो. चिन्ह छापणे कोणालाही जमते. क्रमांक मात्र ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या फोनवरील अॅपमध्ये घालून पाहता येतो, आणि नोंदणी कोणत्या उत्पादकाच्या नावे, कोणत्या वस्तूसाठी आहे ते समोर येते. चार्जरवरील क्रमांक एखाद्या भलत्याच उत्पादकाचा किंवा दिव्याचा निघाला, तर टेस्टरने दाखवलेला आकडा कितीही सुबक असला तरी तो चार्जर दुकानदाराच्या फळीवरच ठेवून यावे.